पेचप्रसंग

आमच्या घरातल्या सुरीला टोक नाही. ते कधी गेलं याबद्दल घरात एकवाक्यता नाही. आईच्या मते करवंटीतून खोबरं सोडवताना गेलं. बायकोचा संशय माझ्यावर आहे, माझा मुलीवर, आणि मुलगी म्हणते की तिला कळायला लागल्यापासून सुरी अशीच आहे. टोक गेल्याने सुरीचं फारसं अडलेलं नाही. कांदा-काकडी ती पूर्वीसारखीच कापते. शिवाय तिच्याकडे एक जादा खातं आहे, ते म्हणजे कुकरच्या झाकणाच्या दांड्याचा स्क्रू आवळणे.

कुकरचा दांडा हलत नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही. यात कुणाचा दोष नाही. दांडा बॅकेलाइटचा, झाकण धातूचं. दोघं तापल्यावर वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि गार झाल्यावर वेगवेगळ्या मापाने आकसतात. वरणभातापायी रोज दोन वेळा हा व्यायाम झाला की मधला स्क्रू कंटाळून पकड सोडतो. मग आई ओट्यापाशी उभी राहून सुरीचं बोथट नाक खाचेत घालते, अर्धा फेरा पिळते आणि आठवडाभर निश्चिंत होते.

एका रविवारी मी ठरवलं, हे काम रीतसर करायचं.

“अहो, सुरीने होतंय की,” बायको म्हणाली.

“सुरी हे काय हत्यार आहे?”

“मग तुमच्याकडे कुठलं आहे?”

प्रश्न वर्मी लागला. मी माळ्यावरून डबा काढला.

हा डबा मूळचा खारीचा. त्यात एक पक्कड आहे, जिचे दोन जबडे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. एक टेस्टर आहे. त्यातला दिवा शेवटचा कधी लागला आठवत नाही, पण घरातले चष्म्यापासून मिक्सरपर्यंतचे सगळे स्क्रू त्यानेच फिरवलेले आहेत. एक चपटा स्क्रूड्रायव्हर आहे. त्याने आजवर रंगाचे डबे उघडले, भिंतीचा गिलावा खरवडला, कपाटाचं अडकलेलं दार उचकटलं आणि एकदा बर्फ फोडला. स्क्रू फिरवल्याची मात्र नोंद नाही. त्यामुळे त्याचं तोंड पान खाणाऱ्या आजोबांसारखं झालं आहे.

आणि पाने आहेत. दहा-अकराचा, चौदा-पंधराचा, अठरा-एकोणीसचा. बारा-तेराचा नाही. बारा-तेराचा पाना कुणाच्याच घरी नसतो. मी याला बरीच वर्षं दैवदुर्विलास समजत होतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. आठ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं तेराच्या पान्याचं असतं, आणि जपानी घराण्यातल्या गाड्यांवर तोच बोल्ट बाराचं डोकं घेऊन येतो. म्हणजे आठाचा बोल्ट कुठेही भेटो, हात याच पान्याकडे जातो. जो पाना सारखा लागतो तो सारखा उसना जातो, आणि उसना गेलेला पाना परत आल्याचं उदाहरण इतिहासात नाही. अठरा-एकोणीसचा मात्र पंधरा वर्षं डब्यात सुखरूप आहे. त्याला कुणी विचारतच नाही.

दोन तास मी डब्यातले पाने पुसत बसलो. शेवटी लक्षात आलं की कुकरला पाना लागतच नाही. पाने माझ्याच तोंडाला पुसली गेली.

मग स्क्रूड्रायव्हर घेतला, खाचेत ठेवला, जोर दिला. तो निसटून थेट डाव्या हाताच्या अंगठ्याखाली घुसला. बायकोने हळद आणली. आईने काही न बोलता सुरी पुढे केली. तिचं न बोलणं मला हळदीपेक्षा जास्त झोंबलं.

स्क्रूड्रायव्हर निसटला यात माझ्या हाताचा दोष थोडा आणि भूमितीचा जास्त होता. चपट्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. स्क्रूची खाच मात्र सरळ भिंतींची. सरळ खाचेत पाचर घातली की ती तळाशी सैल राहते आणि फक्त वरच्या दोन कडांना टेकते. जोर दिला की कडांवरून वर चढते आणि बाहेर पडते. बंदुका दुरुस्त करणारे लोक यासाठी पात्याचं टोक घासून दोन्ही बाजू समांतर करून घेतात. आम्ही ते घासतो फरशीवर, गंज काढायला.

माझ्याआधी अशाच अपघातातून गेलेला एक मोठा माणूस कॅनडात होऊन गेला. पीटर रॉबर्टसन हा फिरता विक्रेता. माँट्रियलमध्ये लोकांना एक स्क्रूड्रायव्हर दाखवत असताना पातं निसटून त्याचा हात कापला, असं सांगतात. आपण अशा वेळी हळद लावतो. त्याने चौकोनी भोकाचा स्क्रू काढला. चौकोनी भोकात चौकोनी टोक गच्च बसतं, वर चढायला फारसा उतार नसतो, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू धरून ठेवावा लागत नाही. १९०९ साली त्याला कॅनडात पेटंट मिळालं. फोर्डच्या कारखान्याला हा स्क्रू फार आवडला, पण तो बनवण्याचे हक्क द्यायला रॉबर्टसन तयार झाला नाही. व्यवहार फिसकटला. म्हणून आजही कॅनडात सुताराच्या खिशात चौकोनी टोक असतं आणि बाकी जग अधिकचिन्हाला लटकलेलं आहे.

हे अधिकचिन्ह अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखलं जातं. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाची. फिलिप्सने ती विकत घेतली, सुधारली आणि १९३६ मध्ये पेटंट घेतलं. कॅडिलॅक मोटारींपासून त्याची चलती सुरू झाली. या खाचेच्या भिंती मुद्दाम उतरत्या आहेत. त्यामुळे टोक आपोआप मधोमध बसतं, यंत्राने भराभर स्क्रू लावता येतात, आणि जोर जास्त झाला की टोक आपोआप बाहेरही येतं. असं बाहेर येणं हा गुण की अवगुण, यावर जाणकारांत अजून भांडण आहे. सुरुवातीच्या पेटंटांत त्या गुणाचा उच्चार नाही. १९४९ च्या एका पेटंटात मात्र तो मोठ्या अभिमानाने सांगितलेला आहे. चूक बारा-तेरा वर्षं टिकली की तिचं वैशिष्ट्य होतं, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे.

आपल्याकडे या सगळ्या वादावर एक देशी तोडगा आहे. स्क्रूच्या डोक्यावर प्लसही आणि मायनसही. चपटा लावा नाहीतर स्टार लावा, दोन्ही चालतं. म्हणजे दोन्ही नीट बसत नाही. आघाडी सरकारसारखा हा स्क्रू सगळ्यांना थोडीथोडी जागा देतो आणि कुणाच्याच हाताला लागत नाही. आमच्या कुकरचा स्क्रू याच जातीचा.

अंगठ्याला पट्टी बांधून मी रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. पुण्यात ज्याला बोहरी आळीत मागितलेली वस्तू नेमक्या नावाने मागता येते, तो खरा माहीतगार. मी म्हणालो, “एक स्क्रूड्रायव्हर द्या.”

दुकानदाराने माझ्याकडे, ‘एक पुस्तक द्या’ म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

“स्टार का चपटा?”

“स्टार.”

“कितवा नंबर?”

“मधला.”

“मधला म्हणजे दोन. दांडा केवढा? बुटका, सहा इंची, आठ इंची?”

“कशासाठी वापरतात त्यावर असतं का?”

“कशासाठी पाहिजे?”

कुकरसाठी म्हणायची लाज वाटली. “गाडीसाठी,” मी म्हणालो.

“गाडीला हा नाही चालणार. गाडीचे स्क्रू जपानी.”

हे मला तोवर माहीत नव्हतं. दिसायला सारखाच अधिक, पण जपानी मानकाच्या खाचेचे कोपरे वेगळे कोरलेले असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खोल जात नाही, मधेच अडकतं आणि मग कडा खाऊन टाकतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीकसं टिंब असतं, तीच ओळख. माझ्या जुन्या मोटारसायकलचे किती स्क्रू मी आजवर चाटून-पुसून गुळगुळीत केले, आणि प्रत्येक वेळी स्क्रूच्या पोलादाला नावं ठेवली! आता आठवून त्या टिंबापुढे हात जोडावेसे वाटतात. बिचारं कोपऱ्यात बसून इतकी वर्षं सांगत होतं.

दुकानात आणखी बरंच काही टांगलेलं होतं. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स, १९६७ सालचा. एल आकाराच्या चाव्यांचा जुडगा, ज्याला आपण एका अमेरिकन ॲलनच्या नावाने ओळखतो. तोच जर्मनीत ‘इनबुस’. त्यातलं ‘बुस’ म्हणजे बाउअर आणि शाउर्टे या कंपनीची आद्याक्षरं. निम्मे जर्मन त्याला ‘इम्बुस’ म्हणतात आणि उरलेले निम्मे त्यांची चूक काढतात. हे ऐकून पुण्यात राहणाऱ्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. इटलीत तोच ‘ब्रुगोला’, कारण तिथल्या कारखानदाराचं ते आडनाव. षट्कोन एकच, पण बारसं प्रत्येक गावात वेगळं.

यातली खरी गंमत लहानमोठ्या तोंडाच्या पान्याची आहे. आपण त्याला ॲडजस्टेबल म्हणतो. जर्मन माणूस त्याच्या एका जातीला ‘इंग्रज’ म्हणतो आणि दुसरीला ‘फ्रेंच’. फ्रान्समध्ये तो ‘इंग्रजी चावी’, पोर्तुगालमध्येही तेच. डेन्मार्कवाले त्याला ‘स्वीडिश चावी’ म्हणतात. जो पाना कुठल्याच नटाला धड बसत नाही तो शेजाऱ्याचा, असा एकूण युरोपाचा निवाडा दिसतो. डेन्मार्कचं म्हणणं निदान खरं आहे. आजच्या रूपातल्या या पान्याचं पेटंट स्वीडनच्या यूहान पेटर यूहान्सनने १८९२ मध्ये घेतलं. त्याची हत्यारं विकणारी पेढी पुढे बाहको झाली. आणि १९६९ च्या सुमारास तापरियाने हत्यारं बनवायला सुरुवात केली ती स्वीडिश सहकार्यानेच. त्यांचा कारखाना आपल्या नाशकातला. म्हणजे द्राक्षं आणि कुंभमेळा यांच्याशेजारी नाशकाचं स्वीडनशी हेही एक सोयरेपण आहे. हा पाना फिरवताना स्थिर जबड्यावर जोर यायला हवा, सरकत्या जबड्यावर नको. आपण नेमकं उलटं धरतो, मग नटाचे कोपरे गोल होतात आणि आपण शेजाऱ्याला बोलतो.

स्क्रूड्रायव्हर घेऊन परत येताना कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशी थांबलो. माझी मोटारसायकल तिथेच होती. मिस्त्री गाडीखाली हात घालून बसले होते आणि न बघता म्हणत होते, “बारक्या, बारा-तेरा.” बारक्या न बघता देत होता. ऑपरेशन थिएटरात सर्जन आणि सिस्टर असतात तसं. त्यांच्याकडे बारा-तेराचे चार पाने होते. मला वाटतं, माझा त्यात असावा. पण तपासणार कसं?

एक नट अगदी अडचणीच्या जागी होता. पाना थोडासाच फिरे आणि चौकटीला अडे. मिस्त्री पाना काढत, उलटा करत, परत लावत, थोडा फिरवत, पुन्हा उलटा करत. पोळी तव्यावर परतावी तसं.

“उलटा कशाला करताय दर वेळी?”

त्यांनी पाना माझ्यासमोर धरला. “साहेब, ह्याचं तोंड वाकडं दिसतंय का?”

दिसत होतं. मला ते लहानपणापासून दिसत आलं आहे. माझा समज असा की कारखान्यात घाईघाईत ठोकतात, म्हणून जरा तिरकं होतं.

ते तोंड मुद्दाम पंधरा अंश कललेलं असतं. षट्कोनी नट साठ अंशांनी पुन्हा तसाच दिसतो. सरळ तोंडाचा पाना असेल तर पुढची पकड घ्यायला साठ अंश फिरवायला जागा लागते. कललेल्या तोंडाचा पाना उलटा केला की त्याचा कल दुसऱ्या बाजूला पंधरा अंश जातो, आणि तीस अंशांच्या जागेत काम भागतं. कुणीतरी कधीतरी अडचणीत हात घालून, मनगट सोलवटून हे शोधलं असणार. त्या माणसाचं नाव कुठे कोरलेलं नाही. मी चाळीस वर्षं त्याच्या कारागिरीला कारखान्याचा निष्काळजीपणा समजत होतो.

“आणि लांबी?” मी उत्साहाने विचारलं.

लांबीतही डोकं आहे. दहा-अकराचा पाना वीतभरही नसतो, तीस-बत्तीसचा फूटभर असतो. साधारण माणसाने साधारण जोर लावला तर त्या मापाच्या बोल्टला जेवढा पीळ सोसतो तेवढाच बसावा, म्हणून पाना तेवढाच लांब. म्हणजे पान्याची लांबी ही समजुतीने घातलेली मर्यादा आहे. आणि मर्यादा दिसली की आपण तिच्यावर नळाचा तुकडा चढवतो.

माझे वडील या नळसंप्रदायाचे. “अजून एक आटा” हे त्यांचं ब्रीद. बोल्ट आवळून झाला की ते पान्यावर हातभर पाईप चढवत आणि अजून एक आटा घेत. इंजिनिअर लोक असं मानतात की आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण पन्नास टक्के डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि प्रत्यक्ष घट्ट धरण्याच्या कामी जेमतेम दहा टक्के येतो. हा हिशेब वाचून मला आमच्या गावचा रस्ता आठवला. पण वडिलांचा घर्षणावर विश्वास नव्हता, आट्यावर होता.

मी सातवीत असताना सायकलचं डावं पायडल बदलायचं होतं. वडिलांनी पाना लावला, सोडवायच्या दिशेने ओढला. हललं नाही. पाईप चढवला. हललं नाही. मग मला पाईपच्या टोकाला लोंबकळायला सांगितलं. मी लोंबकळलो. शेजारचे काका आले, रॉकेल घातलं, अर्धा तास मुरू दिलं, खोबरेल घातलं, पुन्हा मी लोंबकळलो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गंजलेला स्क्रू आतल्या आत फुगून बसतो, हे काकांनी समजावून सांगितलं. शास्त्र बरोबर होतं. फक्त इथे गंजाचा काही संबंध नव्हता. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आम्ही तिघं दुपारभर ते पायडल आवळत होतो.

उलटे का असतात, हे मला कॉलेजात कळलं. पायडलचा दांडा भोकात अगदी किंचित सैल असतो. पाय मारताना दाब गोल फिरतो आणि दांडा भोकाच्या आत उलट दिशेला घरंगळत राहतो. सैल मुठीत पेन्सिल धरून तिचं टोक गोल फिरवून बघा, पेन्सिल स्वतःभोवती उलटी वळते. डावीकडे साधे आटे ठेवले असते तर पायडल चालवता चालवता गळून पडलं असतं. हे मी वडिलांना पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात पावसाची आणि आंब्याची खबर होती. पायडलचा उल्लेख नव्हता.

घरी येऊन नव्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला. तोही अर्धवट बसला आणि स्टारच्या चार कडांपैकी दोन खाऊन गेला. आता स्क्रू सुटेना आणि आवळेना. पेच म्हणजे फार्सीत पीळ. आपल्या जुन्या लोकांनी स्क्रूलाही पेच म्हटलं आणि अडचणीलाही, ते शब्दांची टंचाई होती म्हणून नव्हे.

रात्री झोप येईना म्हणून वाचत पडलो, तेव्हा एक दिलासा सापडला. मे २००९. पृथ्वीपासून साडेपाचशे किलोमीटर वर हबल दुर्बिणीची दुरुस्ती चालली होती. आतलं उपकरण उघडायचं तर झाकणाचे १११ बारीक स्क्रू काढायचे होते. एकही तरंगत जाऊ नये म्हणून त्यांच्यावर बसवायला भोकं पाडलेली खास पारदर्शक पाटी तयार केली होती. वर्षानुवर्षं सराव झालेला. पण त्या झाकणाआड येणारा एक साधा हाताचा कठडा आधी काढायचा होता, आणि त्याच्या मोजक्या स्क्रूंपैकी एकाचं डोकं अंतराळवीर माइक मॅसिमिनोच्या हातून गुळगुळीत झालं. पुढे काय? खाली जमिनीवरच्या इंजिनिअरांनी तसाच कठडा घेऊन किती जोराने तुटतो ते मोजलं, सुमारे सत्तावीस किलो, आणि वर निरोप धाडला: ओढून उपट. त्याने टेप लावली, धरला आणि उपटला.

मला एकदम वडील आठवले. त्यांनी हे पहिल्या दहा मिनिटांत सुचवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजवर नेलं. मिस्त्रींनी कागद सोडला, झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बारक्याने तोंड फिरवलं.

“वहिनींनी पाठवलं?”

“नाही, मीच.”

त्यांनी स्क्रूवर रॉकेलचं फडकं फिरवलं, तेलाची आणि हळदीची काळी पुटं निघाली. मग डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, “साहेब, खाचेत काहीतरी आहे. तुमचं पातं आत जाणार कसं?” बारक्याने मागायच्या आधीच पोकर दिला. मिस्त्रींनी खाचेत दोनदा टोकरलं, लोहचुंबक टेकवलं, आणि एक छोटासा त्रिकोणी पोलादी तुकडा वर आला. मग चपटा स्क्रूड्रायव्हर लावून मागून हातोडीचा एकच ठोका दिला. स्क्रू लोण्यातून निघावा तसा निघाला. दुसरा बसवला. पैसे घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

घरी आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी काही न बोलता तुकडा सुरीच्या टोकाशी लावून धरला. बरोबर बसला.

आईने सुरी उलटी-सुलटी करून पाहिली.

“नारळात नव्हतं गेलं म्हणजे,” ती म्हणाली, आणि पुढचा कांदा घेतला.